खांद्याला सोसेल अशी रायफल

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ऑर्लिन स्कार गोठ्यापर्यंत चालत जायला निघाला आणि अर्ध्या वाटेत एका उलट्या बादलीवर बसून राहिला. मार्लिस स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती धावत गेली नाही, कारण कुणी धावत आलेलं त्याला खपत नसे. थोडा वेळ तिनं भांडी विसळली, मग हात पुसत, आपलंच काही काम निघाल्यासारखी बाहेर आली.

"गारठा पडला बघ," ती म्हणाली.

"गारठा मला दिसतोय. उठव मला."

तिनं काखेत हात घालून त्याला उठवलं. एके काळी हा माणूस ओलं वासरू खांद्यावर टाकून चिखलातून यायचा. आता कोट घातलेल्या खुर्चीइतकंच त्याचं वजन लागत होतं. सगळं आयुष्य बुरशी आलेल्या गवताची धूळ नाकातोंडात गेली होती आणि फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. गायी विकल्या त्याला चार वर्षं झाली, पण धूळ काही गायींबरोबर गेली नाही. दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात ऑक्सिजनचं यंत्र दिवसभर घरघरत असे आणि त्याची लांब पारदर्शक ट्यूब घरभर ऑर्लिनच्या मागे मागे फिरत असे.

मूलबाळ नव्हतं. दोघं, ऐंशी एकर, आणि घरामागची ओकच्या झाडांची टेकडी. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात प्रत्येकाच्या मागे एकेक टेकडी असते आणि प्रत्येकाला आपलीच टेकडी खरी वाटते. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हरणांचा मोसम उघडला की ऑर्लिन पहाटे टेकडीवर जाई, दुपारच्या आत हरीण पाडी आणि तिथून पुढचं काम मार्लिसचं. कातडं सोलणं, मांस कापणं, सॉसेज भरणं. हरणाच्या अंगात कुठला स्नायू कुठून सुटतो हे तिच्या बोटांना पाठ होतं. गोळी मात्र तिनं कधी घातली नव्हती.

"या वर्षी टेकडी रिकामी राहणार," त्या संध्याकाळी ऑर्लिन म्हणाला.

"डेल्मरला सांगू की." डेल्मर त्याचा धाकटा भाऊ. रस्त्याच्या पलीकडे राहायचा.

"डेल्मर? तो डबा संपेपर्यंत बसेल आणि उतरून येईल. हरणानं स्वतः येऊन विचारलं पाहिजे त्याला, बाबा रे, मारतोयस का, का जाऊ मी?"

मार्लिस हसली. मग हसू ओसरल्यावर म्हणाली, "मी जाते."

त्यानं टीव्हीवरची नजर काढली नाही. "तू?"

"मी. त्यात काय आहे? नेम धरायचा, चाप ओढायचा. तुला जमत होतं म्हणजे फार काही अवघड नसणार."

त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. पण रात्रीच्या जेवणाला त्यानं अर्धा बटाटा जास्त खाल्ला, आणि मार्लिसनं ते पाहिलं.

गडबड सरावाच्या पहिल्याच दिवशी झाली. ऑर्लिनची रायफल थर्टी-ओ-सिक्सची, मोठ्या काडतुसाची. मार्लिसच्या उजव्या खांद्यात दोन हिवाळ्यांपूर्वी गोठ्यासमोरच्या बर्फावर पडल्यापासून स्क्रू होते. डेल्मरबरोबर ती खडीच्या खाणीत गेली, कोटाच्या आत टॉवेल कोंबला, दस्ता खांद्याला लावला आणि चाप ओढला. पुढची गोष्ट तिला आठवली ती गुडघ्यांवर बसल्यापासूनची.

"अगं, तू बंदूक उडवलीस की बंदुकीनं तुला?" डेल्मर हसत म्हणाला. मग तिचं तोंड पाहून हसू गिळून त्यानं रायफल उचलली.

घरी तिनं काही सांगितलं नाही. पण कॉफीचा मग डाव्या हातानं उचलला, आणि चाळीस वर्षं बरोबर राहिलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"दाखव खांदा."

"काही नाही झालेलं."

"मार्लिस, खांदा दाखव."

काळानिळा डाग गळ्यापर्यंत आला होता. ऑर्लिननं त्यावर आपला थंडगार पंजा ठेवला आणि तसाच ठेवून बसला.

सकाळी तो तिच्या आधी उठून टेबलाशी बसलेला होता. कित्येक आठवड्यांत असं झालं नव्हतं. "रायफलीची नळी बदलायची," तो म्हणाला. "टू-फोर्टी-थ्रीची लावायची. काडतूस लहान, धक्का निम्म्याच्याही खाली. आणि दोन्ही काडतुसांची बुडं सारखीच असतात, त्यामुळे काडतूस मागून बंद करणारा बोल्ट आहे तोच चालतो. नळी तेवढी दुसरी हवी."

"त्यापेक्षा एखादी जुनी हलकी रायफल—"

"नवी असो, जुनी असो, दुसरी नको." त्याला दम लागला, तो थांबला. "दुसरी घेतलीस तर ती तुझी होईल. ही आपली राहू दे."

पैशांचं तो बोलला नाही. तीही बोलली नाही. दवाखान्याच्या पाकिटांची चळत फ्रिजवर दोघांना दिसेल अशीच होती.

गावात रोली ब्यूशेल म्हणून एक जण गवत कापायची यंत्रं आणि करवती दुरुस्त करायचा आणि मागच्या खोलीत बंदुकांचं काम करायचा. त्याच्याकडे हवी तशी एक नळी पडलेली होती. कुणा दंतवैद्यानं नवी कोरी रायफल घेतली, तिची नळी आवडली नाही म्हणून काढून दुसरी बसवून घेतली, त्यातली ही.

"दातही असेच उपटत असेल बेटा," रोली म्हणाला. "नळी चांगली आहे. बसवून देऊ?"

"नको. ऑर्लिन बसवणार आहे."

"ऑर्लिनला श्वास घेता येत नाही, मार्लिस."

"मग मी बसवीन आणि तो ओरडेल. तू अवजारं दे."

रोलीनं मान खाली घातली आणि मग विचारलं, ऑर्लिनच्या होडीची मोटर अजून आहे का. ती होती. त्या मोटरीनं ऑर्लिन तिला लग्नाआधी नदीवर फिरवायचा. मार्लिसनं ट्रक घरी वळवला, कोठारातून मोटर आणली आणि रोलीच्या बाकावर ठेवली. बदल्यात नळी, नट कसायचा मोठा पाना, मापं घ्यायची दोन पोलादी काडतुसं आठवडाभरासाठी, आणि खऱ्या काडतुसांचे दोन डबे. घरी ऑर्लिननं नळी हातात घेऊन उजेडाकडे धरली, आतून पाहिलं.

"मोटर दिलीस," तो म्हणाला.

"दिली."

"बरं केलंस. गळायला लागली होती."

रायफल घट्ट पकडून ठेवायचा तळघरातला लोखंडी शेगडा वर आणावा लागला, कारण ऑर्लिनला जिने उतरता येत नव्हते. तो शेगडा बसवायला मार्लिसनं आपल्या आईच्या जेवणाच्या टेबलाला ड्रिलनं चार भोकं पाडली. ऑर्लिन "अगं, अगं" म्हणेपर्यंत तिसरं भोक पडलं होतं.

जुन्या नळीचं नट काही केल्या हलेना. तेल सोडलं, रात्रभर ठेवलं. केस वाळवायच्या यंत्रानं तापवलं. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून मार्लिस सबंध अंगानिशी त्यावर लोंबकळली, डाव्या खांद्यानं.

"वरून नाही, बाजूनं. बाजूनं म्हणतोय मी!"

"तू ये मग इकडे आणि बाजूनं लोंबकळ!"

"नट कसं सोडवायचं हे मी तुला सांगतोय, नाच कसा करायचा हे नाही."

कडाड आवाज झाला. मार्लिसला वाटलं टेबलच मोडलं. पण नट सुटलं होतं. ऑर्लिन हसायला लागला, खरंखुरं, पोट हलेपर्यंत, आणि हसण्याचा खोकला झाला आणि खोकला थांबेना. तिनं ऑक्सिजनच्या यंत्राची कळ वाढवली, त्याची पाठ चोळत उभी राहिली. ओठांचा निळेपणा गेल्यावर त्यानं पहिला शब्द काढला तो, "आता नवी."

नवी नळी फिरवून बसवणं सोपं होतं. ती किती आत बसवायची हा खरा प्रश्न. एका पोलादी काडतुसावर बोल्ट अलगद मिटला पाहिजे आणि दुसऱ्यावर, जे केसभर लांब होतं, मिटताच कामा नये. नट कसताना नळी जराशी फिरायची आणि माप चुकायचं. मार्लिसनं ते पुन्हा सोडवलं, पुन्हा कसलं. चौथ्यांदा जमल्यासारखं झालं तेव्हा ती म्हणाली, "झालं. पुरे."

"परत एकदा बघ."

"झालंय रे, ऑर्लिन."

"तोंडाजवळ तू धरणार आहेस ती. परत एकदा बघ."

तिनं परत बघितलं. बरोबर होतं. नवी काडतुसं आखूड असल्यामुळे ती रायफलीच्या खालच्या कप्प्यात पुढेमागे घसरायची. त्यासाठी तिनं भाजी चिरायच्या नायलॉनच्या पाटाचा एक तुकडा करवतीनं कापला, कानशीनं घासला आणि कप्प्याच्या मागच्या बाजूला ठोकून बसवला. पाटावर छापलेला निळा कोंबडा अर्धा त्या तुकड्यावर गेला. घरातली झाडून सगळी मोठी काडतुसं ऑर्लिननं डेल्मरच्या हवाली करवली. एकही चुकून घरात राहायला नको.

ते आठवडे बरे गेले. नंतर मार्लिसला तसं वाटायचं, आणि तेच तिला जास्त छळायचं. आजारी माणसाचं घर नव्हतं ते तेव्हा. टेबलावर तेल होतं, चिंध्या होत्या, भांडण होतं.

खाणीत नव्या नळीतून पहिली गोळी सुटली तेव्हा खांद्याला वासरानं नाक घासल्यासारखं वाटलं, बस. मार्लिस स्वतःशीच हसली. संध्याकाळी तिनं कागदाचं लक्ष्य घरी नेऊन ऑर्लिनच्या मांडीवर ठेवलं. पाच भोकं, सगळी एका बशीत मावतील अशी.

"हे डेल्मरला दाखव," तो म्हणाला. "जेवणाच्या आधी दाखव."

मोसमाच्या शनिवारी ती अंधारातच शिकाऱ्यांचा नारिंगी कोट घालून टेकडी चढली. ऑर्लिननं नकाशा काढून दिला नव्हता. "पडलेल्या ओकपाशी बस, वारा तोंडावर घे आणि कॉफी पिऊ नकोस" एवढंच म्हणाला होता. उजाडलं. खाली घराच्या धुराड्यातून धूर निघत होता. तो खिडकीशी बसलेला असणार, हे तिला ठाऊक होतं. आणि मग खालच्या झुडपातून एक तरणी, अंगानं भरलेली मादी वर आली, थांबली, कान फिरवले. मार्लिसनं नेम धरला आणि चाप ओढला. मादी चार उड्या गेली आणि पानांत पडली.

मार्लिस तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. हातमोजा काढून तिनं गरम मानेवर हात ठेवला. मग सुरी काढली आणि चाळीस वर्षं जे काम गोठ्याच्या उजेडात केलं होतं, त्याच्या आधीचं, पोट साफ करायचं कामही तिनं टेकडीवर केलं. आतडी तिथंच पालापाचोळ्यात टाकली, ऑर्लिन टाकायचा तशी.

डेल्मर हरीण ओढून न्यायची घसरगाडी घेऊन वर आला. मादीकडे पाहिलं, गोळीची जागा पाहिली. "फुप्फुसातून," तो म्हणाला. मग वळून घसरगाडीचा दोर सोडवू लागला, कारण त्या घरात तो शब्द आता नुसता शब्द राहिला नव्हता.

हरणांचा एक रोग त्या भागात वर्षानुवर्षं होता. मेंदूला लागतो, जनावर झिजत झिजत मरतं. लोक त्याला झिजणी म्हणायचे. नदीच्या पलीकडे तो फार पसरला होता. नदीच्या अलीकडे एखाददुसरं जनावर निघायचं, पण स्कारांच्या खोऱ्यात कधी नाही. तरी मार्लिस दर वर्षी ऑर्लिनला हरणाचं डोकं वन्यजीव खात्याच्या तपासणीच्या पेटीत टाकायला लावायची आणि निकाल आल्याशिवाय मांसाला पातेलं लावायची नाही. या वर्षीही डेल्मर डोकं पेटीत टाकून आला.

पण त्या संध्याकाळी ऑर्लिन म्हणाला, "जरासं तळ ना. कण्याच्या आतल्या बाजूचं मांस. कोवळं."

"निकाल येऊ दे."

"बरं," तो म्हणाला. नेहमीसारखा वाद घातला नाही. दोन दिवस तो नुसत्या सूपवर होता.

मार्लिस थोडा वेळ ओट्याशी उभी राहिली. मग तिनं तवा ठेवला. लोणी, कांदा, वर मांसाचे जाड काप. वासानं घर भरलं. ऑर्लिननं सगळं पान संपवलं, पावानं पुसून घेतलं. तीही त्याच्यासमोर बसून जेवली. डेल्मर उभ्या उभ्या तव्यातलंच खाऊन गेला.

"चांगलं आहे," ऑर्लिन म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आता मला काळजी नाही. तुला टेकडी आहे, टेकडीला तू आहेस."

तेव्हा तिला कळलं की हा सगळा खटाटोप तिच्यासाठी होता. पुढच्या हिवाळ्यांसाठी, ज्यांत तो नसणार होता. ती उठून भांडी घासायला गेली आणि नळ मोठा सोडला.

निकाल डिसेंबरात आला. फोनवरची बाई फार मृदू बोलत होती. मादीला झिजणी होती. माणसाला लागल्याचं अजून एकही उदाहरण नाही, पण खाऊ नका असा सल्ला आहे, ती म्हणाली. मांस कचऱ्यात उघड्यावर टाकू नका. पुरू नका. आतडी कुठं टाकलीत? मातीत हा रोग वर्षानुवर्षं राहतो, आणि शेजारच्याही दोन जनावरांत निघालाय, म्हणजे तुमच्या खोऱ्यात आलाय तो.

मार्लिसनं फोन ठेवला आणि ऑर्लिनला सांगितलं. लपवायचा विचारही तिला सुचला नाही.

तो खिडकीतून टेकडीकडे बघत होता. "ती चांगली भरलेली होती," तो म्हणाला.

"दिसत नाही म्हणे सुरुवातीला."

"मग टेकडी गेली." हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला.

डेल्मर आला तेव्हा त्यानं खांदे उडवले. "पलीकडची अर्धी माणसं वर्षानुवर्षं खातायत. कुणाला काय झालं? चांगलं मांस टाकून देताय. नको असेल तर मला द्या."

"कुणालाही देणार नाही," मार्लिस म्हणाली.

"आपण खाल्लंय ना ते, तिघांनी. आता काय राहिलंय?"

मार्लिसनं फ्रीझरचं झाकण लावलं. तेव्हापासून हातातून चमचा पडला, एखाद्याचं नाव आठवलं नाही, की ती त्या जेवणापासूनचे दिवस मोजायची.

नाताळच्या आधी ऑर्लिनचं जेवण जवळजवळ सुटलं. तिनं कोंबडी केली, मासे केले, तो मान फिरवायचा. एक दिवस म्हणाला, "ते मांस कर."

"नाही."

"मला काय होणार आहे, मार्लिस? तो रोग यायला वर्षं लागतात. माझ्याकडे कुठं आहेत वर्षं?"

"नाही म्हटलं ना."

"माझ्या टेकडीवरचं, माझ्या रायफलीनं पाडलेलं. तू पाडलेलं. मरणाऱ्या माणसाला तेवढं देत नाहीस?"

ती थकली होती. कितीतरी रात्री ती सलग झोपली नव्हती. हातातली बशी तिनं टेबलावर आपटली, त्या चार भोकांजवळ. "तू सुटशील! तू जाशील आणि सुटशील. ते मांस तळत मी उभी राहायचं, त्याचा वास घ्यायचा, आणि तू गेल्यावर इथं एकटीनं बसून बघत राहायचं, मला कधी होतंय ते! त्या दिवशी तुझ्यासाठी तळलं, खाल्लं मी. तुझ्यासाठी!"

यंत्र घरघरत होतं. ऑर्लिननं हळूच मान हलवली, एखाद्यानं दुकानात भाव सांगावा आणि आपण समजलं म्हणून हलवावी तशी.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

तिनं माफी मागितली. त्या दिवशी मागितली, दुसऱ्या दिवशीही मागितली. "अगं, बरोबरच आहे," एवढंच तो म्हणायचा, आणि तो खरंच रागावलेला नव्हता. पण त्यानंतर त्यानं तिच्याकडे काही मागितलं नाही. पाणी नाही, उशी नाही. ट्यूब पायात अडकली तरी ती येऊन सोडवेपर्यंत तसाच उभा राहायचा. जानेवारीत, बाहेर डोळे दिपवणारं ऊन पडलेलं असताना, तो गेला. मार्लिस त्याच्या पायांत मोजे चढवत होती. एक चढवून झाला होता.

बर्फ वितळल्यावर तिनं फ्रीझर रिकामा केला. तपासणीवाल्यांनी अशा मांसासाठी तालुक्याच्या कचराडेपोत झाकणाचा मोठा लोखंडी डबा ठेवला होता. पांढऱ्या कागदात बांधलेली पुडकी, प्रत्येकावर तिच्याच अक्षरात कुठला भाग ते लिहिलेलं. तिथला माणूस मदतीला आला, पण तिनं एकेक पुडकं स्वतःच टाकलं. आतून धप्प आवाज यायचा. झाल्यावर ती ट्रकमध्ये बसली, आणि त्या माणसानं काचेवर टकटक केल्यावर तिला कळलं की आपण चावी फिरवलेलीच नाही.

उन्हाळ्यात तिनं रायफल रोलीकडे नेली. घेतोस का म्हणून विचारलं.

रोलीनं बोल्ट उघडला, मिटला. कप्प्यात डोकावला, निळा कोंबडा बघून हसला. "काम झकास झालंय. पण अशी जोडलेली रायफल कुणी घेत नाही, मार्लिस. घरी बसवलेली म्हटलं की लोक भितात. सुटी करून विकली तर नळीचे थोडे येतील."

"सुटी नको."

"मग ठेव."

तिनं ठेवली. शरद ऋतूत खात्याची एक मुलगी घरी आली. बूट दाराबाहेर काढून बसली, कॉफी घेतली. खोऱ्यातली हरणं कमी केली तर रोगाचा वेग थोडा मंदावेल अशी आशा आहे, ती म्हणाली. जमीनमालकांना शिकारीचे जादा परवाने देतोय. किती वेग मंदावेल, ते मार्लिसनं विचारलं. मुलीनं मगाकडे बघितलं.

"खरं सांगू? आम्हालाही माहीत नाही."

खोटं बोलली असती तर मार्लिसनं तिला घालवून दिलं असतं. तिनं परवाने ठेवून घेतले.

त्या नोव्हेंबरात ती पुन्हा टेकडीवर जाऊ लागली. नेम अजून चांगला बसत होता. खांदा दुखत नव्हता. पाडायचं, आतडी पिशवीत भरायची, डेल्मरच्या मदतीनं खाली आणायचं, आणि अख्खं जनावर त्या लोखंडी डब्यात. सुरीचं काम उरलं नव्हतं. डेल्मर पहिल्यांदा कुरकुरला, मग मुकाट्यानं दोर धरू लागला. त्यानंही आताशा हरणाचं मांस खाणं सोडलं होतं. का ते त्यानं सांगितलं नाही. वहिनीसमोर तो हल्ली विनोदही कमी करायचा.

मोसमाच्या शेवटच्या रविवारी ती पडलेल्या ओकपाशी बसली असताना एक नर वर आला. शिंगं मोठी, पण कातडं हाडांवर टांगल्यासारखं. डोकं खाली, कान लोंबलेले, तोंडातून लाळेची तार. वारा तिच्या पाठीवरून त्याच्याकडेच जात होता, तरी तो येतच राहिला. अगदी जवळ, दोर फेकला तर पोचेल इतका. तिच्याकडे बघितलं आणि त्याला काहीच वाटलं नाही. भीती नाही, काही नाही. मागचे पाय फाकवून तो तोल सावरत उभा राहिला.

"जा," मार्लिस म्हणाली. "अरे, जा ना."

तो गेला नाही. तिनं रायफल वर केली, आणि इतक्या जवळून रायफलीवरच्या दुर्बिणीत नुसतं केसाळ करडं काहीतरी दिसत होतं, म्हणून दुर्बिणीवरून बघून चाप ओढला. खांद्याला हलकासा धक्का बसला. नर जागीच खाली बसला आणि मग कुशीवर झाला.

खालून डेल्मरची हाक आली. "पाडलंस काय?"

तिनं रायफल रिकामी करून पाठीला अडकवली आणि ती घसरगाडी आणायला टेकडी उतरू लागली.